पानथरीची साक्ष

डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांआड, जठराच्या मागे, मुठीएवढा एक अवयव असतो. हृदयासारखा तो धडधडत नाही, पोटासारखा भुकेने कुरकुरत नाही. धडधाकट मोठ्या माणसाचे पोट कितीही दाबून पाहिले तरी तो सहसा बोटांना लागत नाही. जुन्या झालेल्या तांबड्या पेशी गाळून काढायच्या आणि रक्तात शिरलेल्या जंतूंशी झुंजायचे, ही कामे तो मुकाट्याने करत राहतो. वैद्य त्याला प्लीहा म्हणतात. पण ज्यांनी वैद्यकाचे पुस्तक कधी उघडले नाही, त्या मराठी माणसांकडेही त्याला स्वतःचे नाव होते: पानथरी, कुठे पाणथरी. जो अवयव जाणवतच नाही त्याला घरगुती नाव मिळाले कसे? बोकड कापताना तो दिसतो, नाव तिथून आले असेल, असे कोणी म्हणेल. तेही असेल, पण पानथरी हे मराठीत जसे अवयवाचे नाव आहे तसे दुखण्याचेही आहे. पोर वारंवारच्या तापाने खंगले, हातपाय काड्यांसारखे झाले आणि डाव्या कुशीत टणक गोळा लागू लागला, की पानथरी वाढली म्हणत. खाटकाच्या ओट्यावर एवढे कळत नाही. आजारी लेकराच्या पोटावरून रोज हात फिरवणाऱ्या बाईला ते कळते. म्हणून या एका शब्दाला मी पुरावा मानतो: जिथे तो रुळला तिथे ताप पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होता.

खानदेश हा असाच तापाचा मुलूख. जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, एवढ्या टापूत आजारांची जी नावे लोकांच्या तोंडी होती, ती वैद्यकाच्या इतिहासाची साधने म्हणून वाचली पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. त्या नावांनी आजाराचे दिसणारे रूप अचूक टिपले. कारण मात्र बहुतेक वेळा चुकीचे धरले. पुढे जिथे डॉक्टरांनी आणि सरकारने जुने नाव तसेच ठेवून त्याला नवे कारण जोडून दिले, तिथे नवे ज्ञान उंबरठा ओलांडून घरात गेले. जिथे लोकांपाशी नाव नव्हते, किंवा दिलेले नाव परके राहिले, तिथे ते दवाखान्याच्या व्हरांड्यातच अडून बसले. परिभाषा हा विषय कोशकारांच्या टेबलापुरता समजला जातो. खानदेशाचा अनुभव सांगतो की परिभाषेवर माणसांचे जगणे अवलंबून असते.

१८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला कारभाराचे ठाणे केले. तेव्हापासून या जिल्ह्याबद्दल एक समज पक्का होत गेला. तापीकाठची काळी जमीन सोन्यासारखी, पण पश्चिमेकडचा डांगी पट्टा आणि सातपुड्याचा पायथा वाईट. पावसाळा सरता सरता तिथे गेलेला परका माणूस ताप घेऊनच परततो. जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड खानदेशाचा. तो १८८० साली छापला गेला, तेव्हा ताप हा हवा, पाणी आणि जंगल यांचाच गुण मानला जात होता. योगायोग असा की त्याच वर्षी नोव्हेंबरात, अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीन गावी, अल्फोन्स लाव्हराँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरला तापकऱ्याच्या रक्ताच्या थेंबात हलणारा परोपजीवी दिसला. सतरा वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत तोच जीव डासाच्या पोटात सापडला. हवा सुटली आणि डास सापडला. पांझरेच्या खोऱ्यातल्या फड पद्धतीच्या बंधाऱ्यांनी आणि पाटांनी शेकडो वर्षे शेती पिकवली होती. अशा संथ, स्वच्छ पाण्याच्या कडेला ॲनोफिलिस डासाची मादी अंडी घालते, हे तेव्हा समजले. मुलूख वाईट नव्हता. पाण्याच्या काठी वाढणारा एक कीटक माणसाचे रक्त पिऊन जंतू नेत होता.

आता शब्दांकडे पाहू. इंग्रजीतला मलेरिया हा शब्द इटालियन भाषेतून आला. त्याचा अर्थ वाईट हवा. म्हणजे ज्या समजुतीला शास्त्राने खोटे पाडले, तीच समजूत त्या शास्त्रीय म्हणवल्या जाणाऱ्या नावात आजही बसलेली आहे. मराठीतला हिवताप हा शब्द कारणाबद्दल काहीच बोलत नाही. आधी हिव भरते, दातावर दात वाजतात, घोंगडीवर घोंगडी घातली तरी कापरे थांबत नाही. मग अंग तव्यासारखे तापते. शेवटी दरदरून घाम सुटतो आणि माणूस गळून झोपतो. हा क्रम त्या दोन तुकड्यांच्या शब्दात आहे. त्याच्या जोडीला एकांतरा हा शब्द पाहा: एक दिवस ताप, एक दिवस मोकळा. चरकसंहितेत विषमज्वराचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांत तृतीयक आणि चतुर्थक येतात, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी उलटणारे ताप. १८८० नंतरच्या दशकात इटलीच्या कामिल्लो गोल्जीने दाखवले की परोपजीवीची पिढी रक्तपेशी फोडून बाहेर पडते तेव्हाच ताप चढतो, आणि एका जातीला त्यासाठी अठ्ठेचाळीस तास लागतात, दुसरीला बहात्तर. एकांतरा म्हणणाऱ्याला तो जीव माहीत नव्हता. पण त्याच्या घड्याळाचे ठोके त्याने बिनचूक मोजले होते.

लक्षणावर बेतलेले नाव किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण मराठी मुलखातच आहे. वांती-जुलाबाने शरीर मोडून टाकणाऱ्या दुखण्याला मोडशी म्हणत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले, आणि मोडशीचे पोर्तुगीज रूप युरोपच्या प्रवासवर्णनांत आणि वैद्यकात फिरले. फ्रेंचांनी तर ऐकीव उच्चारावरून त्याचा अर्थ कुत्र्याची मौत असा करून घेतला. म्हणजे गावठी नावांना शास्त्राच्या दारात प्रवेश नसतो, हे खरे नाही. नाव नेमके असले की परकी जीभही ते उचलते.

जुने नाव आणि नवे ज्ञान यांची जोड देवीच्या रोगात सर्वांत स्पष्ट दिसते. पुरळ उठले की देवी आली म्हणायचे. कडुलिंबाचा पाला टांगायचा, कोप शांत होण्याची वाट पाहायची. कारणाची ही कल्पना चूक होती. १८०२ साली मुंबईत पहिल्यांदा जेनरची लस टोचली गेली. पुढे खेडोपाडी टोचणारे फिरू लागले तेव्हा लोकांनी त्या कामालाही देवी काढणे म्हटले, आणि टोचणाऱ्याला देवी डॉक्टर. लस हा शब्दही कोशातून आलेला नाही. खरचटलेल्या जखमेतून पाझरणारे पातळ पाणी म्हणजे लस, हे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते. टोचण्यासाठी दंडावरच्या फोडातून काढायचे तेही तसेच पाणी. जुन्या शब्दाने नवी गोष्ट आपल्या अंगावर घेतली. १९७० च्या दशकात देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस देऊ केले गेले, त्याचा मजकूर महाराष्ट्रातल्या भिंतीभिंतींवर रंगवला होता, आणि त्यात रोगाचे नाव देवी असेच होते. १९७५ च्या मे महिन्यात भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. देवी हे नाव घेतल्याने अंधश्रद्धा वाढली नाही. त्याच नावाने हाक मारून रोग घालवला गेला.

नारूची गोष्ट शरीररचनेच्या शब्दांवर आणखी प्रकाश टाकते. पायाला फोड येई, तो फुटे आणि त्यातून पांढरा दोरा डोकावे. तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर ओढायचा. घाईने तोडला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने जायबंदी व्हायचा. मादी जंत तब्बल दोन-तीन फूट लांब. पायऱ्यांच्या विहिरीत रोगी उतरला की जंताची पिल्ले पाण्यात पडत, बारीक जलकीटक ती गिळत, आणि तेच पाणी प्यायलेल्या माणसाच्या अंगात वर्षभराने नवा नारू तयार होई. उन्हाळ्यात पाणी तळाला जाणाऱ्या कोरडवाहू मुलखाचा हा रोग. महाराष्ट्रासह देशातल्या सात राज्यांत त्याचे ठाण होते. पायऱ्या बंद करून विहिरींना कठडे बांधले, पाणी फडक्याने गाळायला शिकवले, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. या मोहिमेलाही नवे नाव शोधावे लागले नाही. नारू हा शब्द संस्कृतातल्या स्नायूपासून प्राकृताच्या वाटेने आला आहे. संस्कृत वैद्य या रोगाला स्नायुक म्हणत, कारण तो जंत शरीरातल्या तंतूसारखा दिसे.

इथेच एक मोठा आक्षेप समोर येतो. बोलीतले शब्द ढिले असतात, शास्त्राला नेमकेपणा हवा, आणि तो संस्कृतातूनच मिळतो, असे म्हटले जाते. पण स्नायू या शब्दाचेच पाहा. सुश्रुताने शरीरात नऊशे स्नायू आणि पाचशे पेशी सांगितल्या. त्याचे स्नायू म्हणजे हाडे बांधून धरणाऱ्या दोऱ्या, आणि पेशी म्हणजे मांसाचे पट्टे. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे तो मांसाचा पट्टा झाला, आणि पेशी म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा जीवनाचा घटक. हिंदीत मात्र पेशी अजून मांसपेशीच आहे. दोन्ही शब्द संस्कृत, तरी अर्थ सरकलाच. नेमकेपणा शब्दाच्या कुळातून येत नाही. तो वापराने ठरतो आणि शिकवण्याने टिकतो. राज्याच्या भाषा संचालनालयाने शरीर, विकृतिशास्त्र यांसारख्या विषयांचे परिभाषा कोश केले ते मोलाचे काम आहे. त्यांची उणीव एवढीच की बहुतेक शब्द पुस्तकातून पुस्तकात गेले, माणसाच्या तोंडातून आले नाहीत. शेतात अनवाणी पायात काटा मोडला, जखम चिघळली, की जांघेत दुखरी गाठ येते. तिला अवधान म्हणतात. पायाच्या जखमेचा आणि जांघेतल्या गाठीचा संबंध ज्याने ओळखला त्याला लसिका ग्रंथींचा पहिला धडा आला होता. १८९६ नंतर प्लेग आला तेव्हा त्याच जांघेत आणि काखेत गाठी उठल्या. लोकांनी गाठीचा रोग म्हटले, वृत्तपत्रांनी ग्रंथिक सन्निपात. दोहोंत गाठ आहेच, पण पहिले नाव ऐकून बाई मुलाची काख चाचपून पाहील. दुसरे ऐकून तिला काय करावे ते सुचणार नाही.

दुसरा आक्षेप असा की रोग हटले ते डीडीटी, कोयनेल, लस आणि विहिरींच्या कठड्यांनी. नावांना श्रेय देणे भाबडेपणाचे. हे मी मान्य करतो, पण अर्धेच. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारली गेली, आणि १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. हे काम औषधाचेच. पण १९७६ साली तो आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. डास डीडीटीला सरावले, पैसा आणि लक्ष दोन्ही आटले, फवारणी आणि रक्ततपासणी ढिली पडली. औषध एकदाच मारून भागत नाही. तापकऱ्याने बोट पुढे करून काचपट्टीवर रक्त द्यावे लागते, तेही दर तापाला. ते त्याने द्यावे म्हणून समोरचा माणूस कोणत्या शब्दात बोलतो याला महत्त्व येते. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याने या बाबतीत शहाणपणा केला. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचे पदनाम जिल्हा हिवताप अधिकारी असे ठेवले, आणि आजीच्या तोंडचा शब्द सरकारी पाटीवर गेला.

आता पुन्हा पानथरीकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याची खरी कसोटी तिथे आहे. पश्चिम खानदेशात परक्याला हवा मानवत नाही आणि भिलाला मानवते, असे अधिकारी आणि सावकार दोघेही धरून चालत. त्यातून, ही माणसे आजारालाही दाद देत नाहीत, मग त्यांना दवाखान्याची गरज काय, असा सोयीचा निष्कर्ष निघे. आदिवासी मुले तापाने मरतच होती. मोजत कोणी नव्हते. १९५२ साली लेहमन आणि कटबुश या संशोधकांना निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल हा रक्तातला आनुवंशिक दोष आढळला. दोन वर्षांनी ॲलिसनने आफ्रिकेत दाखवले की आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेल्या मुलाला घातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. दोघांकडून आला तर मात्र तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पेशी गाळणाऱ्या पानथरीवर पहिला घाला पडतो. लहानपणी ती सुजते, पुढे तिच्यात रक्त पोचेनासे होऊन ती अनेकदा आक्रसून निकामी होते. महाराष्ट्रातल्या पाहण्यांत भिल्ल आणि पावरा समाजांत या दोषाचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. म्हणजे हवा मानवते या वाक्यामागे पिढ्यांनी मोजलेली किंमत होती. डासांच्या मुलखात तगून राहण्यासाठी रक्ताने केलेला तो सौदा होता, आणि त्याचे व्याज आज जन्माला येणारे मूल भरते.

या आजाराला जुने नाव नाही. माझ्या प्रतिपादनाची मर्यादाही इथेच आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. देवी, नारू, हिवताप या प्रत्येकाचा चेहरा एकच. सिकलसेलला अनेक चेहरे: कधी डोळे पिवळे, कधी हाडांत आणि टोंगळ्यांत असह्य कळा, कधी पानथरी, कधी नुसता थकवा. लोकांनी त्याला कावीळ म्हटले, वात म्हटले, पानथरी म्हटले, अशक्तपणा म्हटले. प्रत्येक नाव खरे होते, आणि सगळी मिळून एकच रोग आहे हे त्यांतल्या कुठल्याही नावाला दिसणे शक्य नव्हते. तिथे प्रयोगशाळाच हवी. म्हणून लोकांच्या शब्दांनी शास्त्राची जागा घ्यावी, असे मी म्हणत नाही. शास्त्राने आपला मार्ग त्या शब्दांवरून काढावा, एवढेच म्हणतो.

तसे झाले नाही की काय होते, ते एका शब्दात दिसते. ज्याच्याकडे दोष एकाच बाजूने आला आहे आणि जो स्वतः धडधाकट आहे, त्याला आपण वाहक म्हणतो. एसटीत तिकीट फाडणारा वाहक असतो. हिवतापाच्या भित्तिपत्रकावर डास हा रोगाचा वाहक असतो. मग तपासणी शिबिरात वीस वर्षांच्या मुलीला ती वाहक आहे असे सांगितले, तर ती काय समजेल? आपण डासासारखा रोग पसरवतो, असेच ना? सोयरीक मोडण्याची भीती, कागद लपवण्याची वृत्ती यांना हा शब्द हातभार लावतो. त्यातही पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरात मराठी हीच शिकलेली भाषा. संस्कृतप्रचुर मराठी तर त्याहून एक पायरी वर. एकाकडून आलेला दोष आणि दोघांकडून आलेला दोष, असे साधे सांगता येते. त्यात शास्त्र कुठेही कमी होत नाही, आणि विळा तर प्रत्येक घरात टांगलेला असतो.

इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे मला अमान्य नाही. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून चालते, जळगावचे २०१८ पासून. तिथे शिकणाऱ्याने जगातल्या कुठल्याही डॉक्टरशी बोलता यावे म्हणून इंग्रजी परिभाषा पक्की केलीच पाहिजे. पण त्याचा रुग्ण नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल या बाजूंचा असतो. १ जुलै २०२३ रोजी देशव्यापी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात कोट्यवधी लोकांचे रक्त तपासण्याचे उद्दिष्ट ठरले, आणि तपासणीनंतरचे प्रत्येक बोलणे कुठल्या ना कुठल्या बोलीत होणार आहे. त्या बोलण्याची तयारी अभ्यासक्रमात हवी. वैद्यकाचा विद्यार्थी डाव्या बरगड्यांखाली हात ठेवून, रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगून प्लीहा चाचपायला शिकतो. बोटांना काही लागले की त्याने मुलाच्या आईकडे वळून एक प्रश्न विचारावा: पोराची पानथरी कधीपासून वाढली आहे? ज्या शब्दाने तिच्या आजीने हा गोळा ओळखला होता, त्याच शब्दाने तिला पुढचे, रक्ताचे आणि दोन्ही बाजूंच्या वारशाचे, समजावून सांगता येईल.